‘जिवंत पाणी’ की ‘जीवनदायी पाणी’?

प्रश्न :
बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात येशू विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) स्त्रीला ‘जिवंत पाणी’ देऊ करतो. संडे स्कूलच्या मुलांना हा शब्द अडतो. पाणी जिवंत कसं असेल, म्हणतात. ‘जीवनदायी पाणी’ असं सोपं करून सांगावं का? आणि हे पाणी फक्त आत्म्यासाठी, असं सांगणं बरोबर आहे का?

सोलापूरकर :
ताई, शब्द बदलू नका. आमच्याकडे विहीर खणताना खडकातून पाणी फुटलं की ‘जिवंत झरा लागला’ म्हणतात. उपसलं तरी आतून पुन्हा येत राहतं ते जिवंत. बायबलाच्या जुन्या कराराच्या मूळ हिब्रू भाषेतही ‘मायिम हायिम’ म्हणजे शब्दशः जिवंत पाणी आणि रोजच्या वापरात झऱ्याचं, वाहतं पाणी. गरारच्या खोऱ्यात इसहाकाच्या चाकरांना खणताना लागलं ते हेच (उत्पत्ती 26:19).

आता त्या बाईचं बोलणं ऐका. महाराज, तुमच्याजवळ पोहरा नाही, विहीर खोल आहे, मग जिवंत पाणी आणणार कुठून? भर दुपारी घागर घेऊन आलेल्या बाईला झऱ्याचंच पाणी ऐकू येणार. येशू तिथूनच तिला पुढे नेतो. ‘जीवनदायी’ म्हटलंत की पोहऱ्याचा प्रश्नच उरत नाही, आणि सगळा संवाद पोकळ होतो. मला हा संवाद फार प्रिय आहे, म्हणून इतकं आग्रहानं लिहितोय.

पुढे 14व्या वचनात ‘उपळत्या पाण्याचा झरा’ आहे. मुलं खेड्यातली असतील तर त्यांना उपळ माहीत असेल. झडीच्या पावसानंतर शेतात जमिनीतूनच पाणी वर येऊ लागतं, ती उपळ.

जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 2:13 सुद्धा सोबत वाचून घ्या. तिथे लोक जिवंत पाण्याचा झरा सोडून फुटके हौद खोदतात. यिर्मयाच्या डोंगराळ मुलखात पावसाचं पाणी खडकात खोदलेल्या हौदांत साठवत आणि आतून गिलावा करत. गिलाव्याला तडा गेला की ऐन उन्हाळ्यात हौद कोरडा.

वसईकर :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठी बायबलात 42व्या स्तोत्रात हरिणी पाण्यासाठी लुलपते तसा ‘माझा जीव’ देवासाठी लुलपतो. मूळ हिब्रू शब्द ‘नेफेश’. त्याचा अर्थ जीव, आणि घसासुद्धा. 69व्या स्तोत्राच्या सुरुवातीला पाणी चढत येतं ते या नेफेशपर्यंत, म्हणजे गळ्यापर्यंत. ‘तहानेनं जीव कासावीस झाला’ म्हणताना आपण तरी शरीर आणि आत्मा वेगळे कुठे काढतो? म्हणून ‘फक्त आत्म्यासाठी’ हे मला पटत नाही.

आम्हा कॅथलिकांच्या उपासनेतही दोन्ही एकत्र आहेत. मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचे थोडे थेंब घालतात. पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री पाणी आशीर्वादित होतं, त्याच पाण्यानं स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) होतो, आणि लोक ते बाटलीत भरून घरीही नेतात. पूर्वी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून निर्जळी उपास असे. 1953 मध्ये पोप बारावे पायस यांनी साध्या पाण्यानं हा उपास मोडत नाही असं ठरवलं. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा केवढा आधार झाला असेल!

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. मुलांसाठी या विषयावर भजनही बसवायचं आहे, मग त्याच्या शीर्षकात ‘जीवनजल’ चालेल? गायला गोड वाटतं.

सोलापूरकर :
चालेल, पण अमरकोशात (जुन्या संस्कृत शब्दकोशात) ‘जीवन’ हा पाण्याचाच एक पर्याय आहे, त्यामुळे जाणकाराला द्विरुक्ती वाटेल. शिवाय ‘जीवनाचे पाणी’ बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटच्या अध्यायात येतं आणि तिथे ते फुकट घ्यायला बोलावणं आहे (22:17). भजन त्या वचनावर असेल तर ‘जीवनाचे पाणी’ ठेवा. विहिरीच्या गोष्टीला ‘जिवंत पाणी’च.

वसईकर :
अनुमोदन. ती विहीर आजही दाखवतात, पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसजवळ, एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत. मुलांना फोटो दाखवा, म्हणजे पोहरा का लागतो ते समजावून सांगावं लागणार नाही.