'शिकोकू' (१९९९): उलटी यात्रा करणारी आई

परवा रात्री हा जपानी भयपट पाहिला, अजून डोक्यातून जात नाही. दिग्दर्शक शुनइची नागासाकी. फार पैसा ओतलेला वाटत नाही: गाव, डोंगर, झाडी, बस्स. टोकियोहून एक मुलगी लहानपणीच्या गावी परतते, तर तिची जिवलग मैत्रीण सायोरी १६ व्या वर्षीच गेलेली. आणि सायोरीची आई शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांची यात्रा उलट्या क्रमाने करतेय. लेक जितक्या वर्षांची होऊन गेली तितक्या फेऱ्या घातल्या की ती परत येते म्हणे.

मला भुताची नाही, त्या आईचीच भीती वाटली. एक फेरी सुमारे १,२०० किलोमीटरची. १६ फेऱ्या म्हणजे १९ हजारांच्या वर! माझी धाकटी बहीण गेली तेव्हा मी नववीत होते. आईने तिचं दप्तर होतं तसंच ठेवलं. दर रविवारी पुसायची, उघडायची मात्र नाही. तिला असा रस्ता कुणी सांगितला असता तर ती निघाली असती, हे मला सिनेमाभर जाणवत राहिलं.

ही उलटी यात्रा खरंच असते का?

प्रतिसाद १
असते. तिला 'ग्याकु-उची' म्हणतात, पण ती पुण्याची मानतात. लीप वर्षात उलटं चाललं तर तिप्पट पुण्य, अशी समजूत आहे. मूळ कथा एमोन साबुरोची. या श्रीमंत माणसाने दारी आलेल्या भिक्षूचं भिक्षापात्र फोडलं, आणि मग त्याचे आठ मुलगे एकामागोमाग एक गेले. भिक्षू म्हणजे कोबो दाइशी (ही यात्रा ज्यांच्या नावाने करतात ते बौद्ध संत) होते हे कळल्यावर तो क्षमा मागायला निघाला. २० फेऱ्या झाल्या तरी भेट नाही. २१ वी उलटी केली तेव्हा ते समोरून आले. मुलांना उठवण्यासाठी तो चाललाच नव्हता. मेलेल्यांना परत आणण्याचा सिनेमातला भाग मासाको बांदो यांच्या कादंबरीतून आलाय.

प्रतिसाद २
नावातच सगळं आहे. 'शिकोकू' म्हणजे चार प्रांत. पण 'शि'चा दुसरा अर्थ मृत्यू, आणि सिनेमाच्या जपानी नावात 'शि' मृत्यूच्याच अक्षराने लिहिलाय. मृतांचा देश.
आईबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्यांचं घराणं आत्म्यांना बोलावणाऱ्यांचं, आणि तिला ते पुढे चालवायला वारस हवाय. सायोरीला जिवंतपणीही कुणी विचारलं नव्हतं, मेल्यावरही नाही. म्हणून ती परत येते तेव्हा मला तिचीच दया येते.

धागाकर्ती
वारसाचं माझ्या नजरेतून पार निसटलं होतं. मी सबंध वेळ आईकडेच बघत होते. पुन्हा पाहीन, या वेळी सायोरीकडे बघत.
एमोन साबुरोची गोष्ट आज आईला फोनवर सांगितली. तिने एवढंच विचारलं, "आठही?" मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.