पुढच्या महापुरांच्या नुकसानीचा हिशेब आज मांडावा का?

जलरेषा : "2050 सालच्या पुराचे नुकसान संगणकावर मोजणे हा कागदी खेळ आहे, आधी कर्नाटकातील कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडायला लावा," असे येथे काल लिहिले गेले. मला हे मुळीच मान्य नाही. आपली निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्ही मागच्या नोंदींवरून आखलेल्या. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणजे पुढचा पाऊस मागच्या नोंदींसारखा राहणार नाही. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असताना 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले, तरी आपण जुन्याच नोंदींवर घरांना परवानग्या द्यायच्या का?

शिरोळकाठ : ते मीच लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे. तुमची गणिते पाण्याच्या खोलीवरून नुकसान काढतात. 2019 मध्ये पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गढूळ पाणी शिरून आमचा ऊस उभाच्या उभा कुजला, तो पाणी किती खोल होते म्हणून नव्हे, तर किती दिवस हटले नाही म्हणून. आणि ते हटले नाही अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणामागे तुंबून मागे सरकणाऱ्या पाण्यामुळे.

वारणाकाठ : त्या महापुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असा त्याच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा निष्कर्ष आहे. तो वाचण्याची तसदी घ्या.

शिरोळकाठ : तसदी आम्ही छातीभर पाण्यात जनावरे सोडवताना घेतली आहे. कर्नाटकाला अलमट्टीच्या पाणीसाठ्याची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायची आहे. तेव्हाही समितीचा जुना कागदच दाखवणार का?

वारणाकाठ : दर चर्चा अलमट्टीवर नेली की नदीपात्रालगतच्या भरावांबद्दल कोणी बोलत नाही, हेच अनेकांना हवे असते.

शिरोळकाठ : माझ्यावर असा आरोप करण्यापूर्वी विचार करा. माझा एक गुंठाही भरावाखाली नाही.

जलरेषा : पाणी किती दिवस साचते हे न धरणारे गणित ऊसपट्ट्यासाठी अपुरे आहे, हा आक्षेप मला स्वीकारावा लागेल. मात्र पातळी वाढल्यावर फुगवटा कोठवर येईल, हेही अशाच गणिताने दाखवावे लागेल. राज्यांमधील पाणीतंटा सोडवणाऱ्या लवादापुढे केवळ संताप टिकत नाही. शिवाय पाऊस वाढवून वस्ती आजचीच धरली, तरी उत्तर चुकेल, कारण नव्या वसाहती नदीकडेच सरकत आहेत.

शिरोळकाठ : मग साचलेल्या पाण्याचे दिवस आणि उसाचे वय धरून गणित मांडा, गावाच्या चावडीत वाचून दाखवा. तोवर माझी मागणी अलमट्टीचीच राहील.