मदत हवी आहे: बाबा रिपोर्टने हादरलेत, आई तपासणीचं नाव काढू देत नाही

आम्ही इंदूरला, सुदामा नगरात राहतो. बाबा ७२ वर्षांचे, आई ६६. बाबांनी एका लॅबचं 'फुल बॉडी' पॅकेज केलं. तक्रार काही नव्हती, शेजारच्या काकांनी केलं म्हणून यांनीही. त्यात पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी) ५.४ आलं, तेही ठळक अक्षरांत छापलेलं. तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर प्रोस्टेट कॅन्सरबद्दल वाचत बसतात, दिवसातून चारदा बीपी मोजतात. सराफ्यातल्या खाऊगल्लीत चक्कर मारू म्हटलं तर "आता कसलं खाणं" म्हणतात.

डॉक्टरांनी नीट समजावलं: वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा लघवीत संसर्ग असला तरी पीएसए वाढतं, काही आठवड्यांनी परत करून मग ठरवू. बाबांच्या कानात राहिलं ते फक्त 'परत'.

मी वाचलं की अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ मध्ये सत्तरीनंतर ही चाचणी सरसकट करू नये असं सांगितलंय. बऱ्याच गाठी इतक्या सावकाश वाढतात की आयुष्यभर त्रास देत नाहीत, उपचाराने मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. हे बाबांना कोणत्या शब्दांत सांगू?

आणि आई. कित्येक वर्षांची तंबाखूच्या मिश्रीची सवय. चहा झाला की ओट्याशी उभी राहून गालातून बोट फिरवत असते. तिचं तोंड कुणीतरी बघायला हवं, दोन मिनिटांचं काम. पण बाबांचे हाल बघून ती जास्तच अडून बसलीय: "शोधायला गेलं की काहीतरी निघतंच." बाबांच्या बाबतीत तिचं म्हणणं मला खोडताही येत नाही!

दोघांशी कसं बोलू? समुपदेशकाकडे जावं का?

प्रतिसाद

ताई, मी बडोद्याला समुपदेशनाचं काम करते. बाबांना "काही होत नाही हो" असं सारखं म्हणू नका, त्याने धीर तासभरच टिकतो. त्यांना रिपोर्ट कसा बनतो ते सांगा. 'नॉर्मल'ची हद्द बहुधा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा हद्दीबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. पीएसएची हद्द वेगळ्या पद्धतीने ठरते, पण ते वाढलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच. फेरतपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, बीपी डॉक्टर सांगतील तेव्हाच मोजा. त्यानंतरही झोप लागली नाही तर समुपदेशकाकडे जरूर न्या.

आईंचा प्रश्न मात्र फार जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयासाठी छातीचा एक्स-रे फुकट असूनही लोक येईनात. हॉखबाउम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी कारणं शोधली. मला हा आजार होऊ शकतो आणि आधी कळल्याने फायदा आहे, या दोन्ही गोष्टी पटल्या तर माणूस येण्याची शक्यता खूप वाढते. आईंना दुसरी पटलेली नाही. तेव्हा मिश्रीवरून रागावण्याऐवजी तेवढंच बोला. बाबांची चाचणी आणि ही तोंडाची तपासणी एकाच मापाची नाही. तिरुवनंतपुरमच्या मोठ्या अभ्यासात आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसतं तोंड पाहिलं, तरी तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले. आपल्याकडे सरकारी केंद्रांत तिशीनंतर ही तपासणी मोफत असते. 'जाऊ कधीतरी' नको; वार, वेळ आणि सोबत कोण, हे तिच्याच तोंडून ठरवून घ्या.

मूळ धागालेखिका

खूप आभार. आईची दाढ दुखतेच आहे. त्या निमित्ताने दातांच्या डॉक्टरांकडे नेलं तर चालेल?

प्रतिसाद

उत्तम. पण ते गाल, जीभ, जिभेखालची जागाही बघणार आहेत हे आधी सांगून न्या. फसवून नेलंत तर पुढच्या वेळी त्या पाऊल उचलणार नाहीत.