युरोपातल्या कालव्यांवरची बोट-सफर: आपापले अनुभव लिहा

आईबाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी ५० वर्षं होतायत. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, अर्धी नोकरी नीरा उजव्या कालव्यावर गेली, पाणी सोडायची आवर्तनं, चाऱ्या, दारं आणि टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्यांच्या तक्रारी ह्यातच. त्यांना आयफेल टॉवर वगैरेचं काही नाही, पण कालव्यातून बोट डोंगर चढते ते एकदा बघायचंय म्हणतात. आईला जुनी गावं, बाजार, चर्चमधल्या रंगीत काचा असलं सगळं आवडतं आणि ती पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबांचा गुडघा दुखतो त्यामुळे धावपळीची टूर नकोच. राहणं, जेवण, फिरणं सगळं एकाच भाड्यात असलेली कालव्यावरची सफर कोणी केलीये का? कुठला कालवा, बोट केवढी, जेवणाचं काय, जे आठवेल ते लिहा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मूळची साताऱ्याची, सध्या लिऑं, फ्रान्स

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन फ्रान्समधल्या बरगंडी कालव्यावर गेलो होतो, आणि तुमच्या बाबांचं वाचून पहिलं सासऱ्यांचंच आठवलं. तिकडे ह्याला हॉटेल बार्ज म्हणतात. पूर्वी माल वाहणाऱ्या लांबुळक्या बोटी, त्यांच्या पोटात आता खोल्या आणि बाथरूम, वर बैठक आणि स्वयंपाकघर, पुढे मोकळा डेक. पाहुणे साधारण ६ ते १२ आणि कॅप्टन, शेफ, गाईड धरून ४-५ जणांचा स्टाफ. १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने कायदा करून लॉकचं (कालव्यातला दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते) माप ठरवून टाकलं, ३९ मीटर लांब आणि ५.२० मीटर रुंद, आणि बोटी त्याच मापात बसतील अशा बांधलेल्या, त्यामुळे लॉकमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम हात घालायला जागा उरते. कॅप्टन एवढं मोठं धूड त्यातून कसं आत घेतो ते बघायला सासरे चहाचा कप घेऊन पुढेच उभे असायचे. अख्खा कालवा २४२ किलोमीटर आणि त्यावर १८९ लॉक आहेत म्हणजे विचार करा, दिवसाला १५-२० किलोमीटर झाले तरी खूप. ज्याला चालायचंय तो एका लॉकला उतरतो, काठच्या वाटेने चालतो आणि पुढच्या लॉकला परत चढतो. ह्याच वाटेवरून पूर्वी बोटी ओढून न्यायचे. सायकली बोटीवरच असतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पुईयीला कालवा डोंगराच्या पोटातून जातो, ३,३३३ मीटरचा बोगदा, आत पाण्याच्या कडेला चालायला वाटच नाही. तिथून जवळच शातोनफ नावाचं टेकडीवरचं जुनं गाव आणि किल्ला आहे, खालच्या कालव्यातून दिसतो. बोटीची व्हॅन रस्त्याने मागोमाग येते आणि रोज दुपारी कुठेतरी नेते. बोनला नेलं तेव्हा सासूबाई तासभर त्या दवाखान्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या. १४४३ साली गरिबांसाठी बांधलेला दवाखाना, वर रंगीत कौलांच्या नक्षीचं छप्पर, आत एका लांब हॉलमध्ये ओळीने लाल पडद्यांच्या खाटा. विसाव्या शतकापर्यंत तिथे खरोखर पेशंट असायचे!

आता आईंच्या जेवणाचं, हे नीट वाचा. फ्रान्समध्ये शाकाहारी म्हणलं की अंडं आलंच, कीश, मेयॉनीज, ताजा पास्ता, निम्मी गोड पदार्थांची यादी, सगळ्यात. त्यामुळे बुकिंग करतानाच "मांस, मासे, अंडं नाही, दूध, लोणी, दही चालेल" असं एकेक नाव घेऊन लिहून द्या. दुसरं म्हणजे चीज. इपॉस, कोंते वगैरे नावाजलेल्या चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं, आईंना चालत नसेल तर तेही आधीच कळवा. शेफ रोज गावातल्या बाजारातून भाजी आणतो आणि पाहुणे मोजकेच असतात म्हणून खरंच वेगळं करून देतो, आमच्या शेफने हिरव्या मसुरीचे तीन-चार प्रकार करून घातले. कालव्यावरच्या सफरीत मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच, की बोट लहान असली की तुमच्यासाठी काहीतरी बदलता येतं.

नाशिक, स्थापत्य अभियंता

बाबा पाटबंधाऱ्यातले असतील तर डोळे मिटून दक्षिण फ्रान्सचा कनाल द्यू मिदी. बाकीच्या कालव्यांबद्दल इतर लोक लिहितीलच, मी फक्त ह्याचंच लिहितो कारण माझ्या मते पाण्याचं काम समजणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी हा बघावा. रिके नावाचा मिठाचा कर गोळा करणारा माणूस, इंजिनिअर नव्हे, १६६६ ते १६८१ मध्ये त्याने तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या कडेपर्यंत २४० किलोमीटर कालवा काढला आणि स्वतः उद्घाटनाच्या काही महिने आधी १६८० साली वारला. खरी गोम खोदकामात नव्हतीच, सगळ्यात उंच जागी पाणी आणायचं कुठून ही होती, कारण लॉक उघडलं की दोन्ही अंगाला पाणी खालीच जाणार. त्याने माँताय्न न्वार डोंगरातले ओढे अडवून नोरूझच्या खिंडीत पाणी उतरवलं, आणि साठ्यासाठी सॅं-फेरेओलचं धरण बांधलं. ते आजही त्याच कामात आहे. क्रूझवाले धरणावर सहसा नेत नाहीत पण गाईडला आधी सांगितलं तर व्हॅनने सोय होते, आमची झाली.

लॉक सरळ भिंतींचे नाहीत, फुगीर लंबगोल आहेत. सुरुवातीचं एक सरळ भिंतीचं लॉक मातीच्या दाबाने ढासळलं तेव्हा भिंतींना बाक दिला. बेझिएजवळ फोन्सेरानला लॉकचा जिनाच आहे, साडेएकवीस मीटर पाण्यातून चढउतार, आणि त्याच गावात अख्खा कालवा ओर्ब नदीवरून पुलावर नेलाय, तो मात्र नंतरचा, १८५८ चा. माझी सगळ्यात आवडती जागा माल्पास. टेकडीखालून १६७९ चा १६५ मीटरचा बोगदा, युरोपात बोटींसाठी खोदलेला हा पहिला. टेकडीवर चढलात की पलीकडे मोंतादीचं तळं दिसतं, तळं म्हणजे तेराव्या शतकात, १२४७ मध्ये, निचरा करून शेतं केलेली गोल जमीन, सगळे चर मध्यबिंदूकडे येतात आणि तिथून पाणी ह्याच टेकडीखालून वेगळ्या बोगद्याने बाहेर. मी तिथे नुसता बसून राहिलो होतो, बायको हाका मारत होती.

दोन गोष्टी. फोटोत दिसणारी चिनाराची गर्द कमान सगळीकडे मिळेल असं धरू नका, २००६ पासून एका बुरशीने ती झाडं मरतायत, सुमारे ४२ हजार झाडांमधली हजारो तोडावी लागली. नवी लावलीत पण सावलीला वेळ लागणार आणि बघून वाईट वाटतं. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन असतं आणि भाड्याच्या बोटींची लॉकला रांग लागते. मे किंवा सप्टेंबर. आणि इथली लॉक बरगंडीपेक्षा आखूड, साधारण ३० मीटर, म्हणून बोटीही लहान, खोल्या लहान. कार्कासॉनचा तटबंदीचा किल्ला ह्याच वाटेवर आहे, आईंना तो नक्की आवडेल.

गोथेनबर्ग, स्वीडन

स्वीडनचं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. आमच्याकडे योता कालवा आहे, १९० किलोमीटर, ५८ लॉक, त्यातला जवळपास ८७ किलोमीटर माणसांनी हाताने खणलेला आणि त्यात बहुतेक सैनिक होते. स्टॉकहोम ते गोथेनबर्ग जुन्या जहाजातून जाता येतं, त्यातलं यूनो १८७४ चं आहे आणि अजून चालतं. आईबाबा भारतातून आले तेव्हा त्यांना ह्याच जहाजाने नेलं. बर्गला एकापाठोपाठ सात लॉक उतरतात/चढतात, तिथे गावकरी आईस्क्रीम खात काठावर बसलेले असतात, पाण्याची पातळी बदलताना आपण त्यांच्या पायाशी असतो आणि थोड्या वेळाने समोरासमोर, त्यामुळे गप्पा होतातच. बूरेन्सबर्गला लॉक अजून हाताने फिरवून उघडतात. वाड्स्टेनाला वेटर्न तळ्याच्या काठी संत बिर्गित्ताचं चर्च आणि गुस्ताव वासा राजाचा किल्ला, आणि मुताला गावात कालवा काढणाऱ्या फोन प्लाटेनची कबर कालव्याच्या काठावरच आहे. तोही बिचारा उद्घाटनाआधी गेला, १८२९ ला, कालवा पूर्ण झाला १८३२ मध्ये.

पण ताई, गुडघ्याचं खरं सांगते. खोल्या रेल्वेच्या डब्यासारख्या, एकावर एक बर्थ, संडास-बाथरूम कॉमन, जिने उभे आणि लिफ्ट नाही. माझ्या बाबांना जमलं पण ते रोज पर्वती चढणारे. तुमच्या बाबांना वरच्या बर्थवर चढायला लागू नये हे आधी लिहून घ्या, नाहीतर फ्रान्सच बरं. जूनमध्ये रात्री अंधार जवळजवळ पडतच नाही, हे मात्र दुसरीकडे नाही.

ठाणे

आम्ही मैत्रिणी हॉलंडला सायकल आणि बोटवाली केली, ॲमस्टरडॅमहून बेल्जियममधल्या ब्रूझपर्यंत, दिवसा सायकल, रात्री बोटीत. गौडाच्या सिंट यान चर्चमधल्या सोळाव्या शतकातल्या काचा आईंसाठी, आणि किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या बाबांसाठी, पाणी उपसायला बांधलेल्या. बेल्जियममधल्याच घेंटमध्ये व्हॅन आइक ह्या चित्रकार बंधूंचं १४३२ चं वेदीचित्र बघितलं, त्याच्यासमोर आम्ही सगळ्या गप्प झालो. सगळा प्रदेश सपाट. पण लॉक कमी, डोंगर चढणं वगैरे नाही, त्यामुळे बाबांचा विषय इथे सुटत नाही. गुडघा असेल तर सायकल न करता बोटीवरच थांबता येतं, एकजण तसं करत होत्या.

न्यू जर्सी

मोठ्या जहाजाचं लिहितो. जर्मनीतला माइन-डॅन्यूब कालवा, बांबर्ग ते केलहाइम १७१ किलोमीटर, १९९२ ला पूर्ण झाला. ह्याची स्वप्नं फार जुनी, ७९३ मध्ये शार्लमेन राजाने तिथे खणायला घेतलं होतं. १६ लॉक, काहींत जहाज एका दमात जवळपास २५ मीटर वर जातं, सर्वोच्च जागा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर. बाबांना आवडेल ते हे की लॉकच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे हौद आहेत, रिकामं करताना पाणी त्यात साठवून परत वापरतात, सुमारे ६० टक्के वाचतं, आणि डॅन्यूब खोऱ्यातलं पाणी उत्तरेच्या कोरड्या भागात न्यायला हाच कालवा वापरतात. जहाजात लिफ्ट होती, खोलीत बाथरूम मोठं, गुडघेदुखीवाल्यांसाठी हे सगळ्यात सोपं. बांबर्गला नदीच्या मधोमध टाऊन हॉल, रेगेन्सबुर्गला बाराव्या शतकातला दगडी पूल, तो धक्क्यापासून चालत होतो.

पण दोनशेच्या आसपास माणसं, ठरलेल्या वेळी जेवण, शाकाहारी म्हणजे तोच तोच पास्ता. आणि पाणी! कालव्यात पाणी नेहमी सारखं असतं पण पुढे डॅन्यूबला लागलात की श्ट्राउबिंगच्या खालच्या टप्प्यात नदीवर बांध नाही, कोरड्या उन्हाळ्यात जहाज अडकतं. आम्हाला सामानासकट बसने दुसऱ्या जहाजावर नेलं, एक दिवस गेला, आणि कंपनीने करारातला बारीक मजकूर दाखवून एक पैसा परत दिला नाही. वडील ७५ चे होते, बसमध्ये त्यांचे हाल झाले, त्याचा मला अजून राग आहे. बुक करण्याआधी पाणी कमीजास्त झालं तर काय देणार हे लेखी घ्या.

पुणे, कोथरूड

सगळं एकाच भाड्यात असलेली सफर विचारलीये, तर त्या भाड्यात काय येत नाही ते मी लिहितो. विमान, व्हिसा, इन्शुरन्स नाही. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, वय जास्त असेल तर आधीच्या आजारांचं कलम नीट वाचा. टिप वेगळी, बार्जवर भाड्याच्या ५ ते १० टक्के देतात असं सांगतात, आणि एका आठवड्याचं भाडंच माणशी काही हजार युरो असतं त्यामुळे ती रक्कम आधीच बाजूला काढा. वाईन भाड्यात असते, न पिणाऱ्यांना त्याची काही सूट मिळत नाही, मी विचारून बघितलंय. सीझन एप्रिल ते ऑक्टोबर, हिवाळ्यात दुरुस्तीला कालव्याचे भाग बंद ठेवतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत धरू नका.

बजेट कमी असेल तर फ्रान्समध्ये लायसन्सशिवाय बोट भाड्याने मिळते, देताना तासभर शिकवतात, स्वयंपाकघर आत असतं म्हणजे आईंच्या जेवणाचा प्रश्नच नाही, वरणभात करा. आम्ही भाऊ-भावजया मिळून तसंच केलं. पण लॉकमध्ये दोर धरायला दोन धडधाकट माणसं लागतात, म्हणून तुम्ही आणि अजून एखादं भावंड सोबत जाणार असाल तरच. जेवणाच्या वेळी लॉक तासभर बंद असतात, तेव्हा बोट काठाला बांधून आपणही जेवून घ्यायचं.