ग्रेट फॉल्सचे लॉक: आईबाबांना कोणत्या बाजूने न्यावे?

पाऊलवाट: पुण्याहून आलेल्या आईबाबांना मेरिलँडमधील ग्रेट फॉल्स टॅव्हर्नजवळचे चेसापीक अँड ओहायो कालव्याचे लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर चढवणारा किंवा खाली उतरवणारा दारांचा कप्पा, दाखवण्याचा विचार आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असल्यामुळे धबधब्यापेक्षा दारांची रचनाच त्यांना अधिक भावेल; आईच्या गुडघ्यांना मात्र चढउतार सोसत नाहीत. टोपाथ, म्हणजे ज्या वाटेवरून खेचरे नावा ओढत नेत ती वाट, कितपत सपाट आहे?

उत्तरायण: वाट मातीखडीची आणि बहुतेक सपाट आहे, थोडा चढ लागतो तो लॉकपाशीच, कारण तेथे कालव्याची पातळी साधारण ८ फुटांनी बदलते. टॅव्हर्न लॉक क्र. २० ला लागूनच असल्याने आईंना फार चालावेही लागणार नाही. 'बिली गोट ट्रेल'च्या पाटीकडे मात्र वळू नका, कारण तिच्या एका टप्प्यात कातळावर हातापायांनी चढावे लागते.

बाबांना दारांचा कोन जरूर दाखवा. दोन्ही पाने मिटली की इंग्रजी 'व्ही'सारखे टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला येते, त्यामुळे पाणी जितके रेटेल तितकी ती घट्ट बसतात. दारांच्या तळाशी असलेल्या झडपा उघडून आतबाहेरची पातळी एक केली, की लांब लाकडी तुळईला पाठ लावून रेटणारा एक माणूसही दार उघडू शकतो. लॉक १५ फूट रुंद आणि नाव साडेचौदा, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अर्धा फूट जागा. खेचरे पुढे ओढत असताना नावाड्याने ती आत कशी घातली असेल, याचे मला दर वेळी नवल वाटते.

खडीसाखर: नकाशात 'मेरिलँड' पाहूनच निघा. आम्ही नुसते 'ग्रेट फॉल्स' टाकले आणि पटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडील काठावर पोहोचलो. समोरचा काठ दिसत होता, पण तेथे नदी ओलांडायला पूल नाही. त्या बाजूला १८०२ साली खुल्या झालेल्या पटोमॅक कालव्याच्या लॉकचे अवशेष असल्यामुळे दिवस अगदीच फुकट गेला नाही, इतकेच.

पाऊलवाट: मनःपूर्वक आभार. कालवा १९२४ साली बंद पडला, हे ऐकून बाबा जरा हळहळले. मग १८४.५ मैलांत ७४ लॉक आणि ६०५ फूट चढण, हे आकडे मी वाचून दाखवताच त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर भागाकार मांडला आणि तुमचे '८ फूट' मान्य केले. शनिवारी निघतो आहोत.