परदेशातील संकटातून नागरिकांना सोडवून आणण्याचा खर्च कोणी सोसावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

कोरोनाकाळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी मे २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ मोहिमेत परत येणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे स्वतः भरले होते. लंडनहून मुंबईला येण्यासाठी सुमारे पन्नास हजार, तर अमेरिकेहून येण्यासाठी सुमारे एक लाख रुपये पडत होते. दोनच वर्षांनी युक्रेनमध्ये युद्ध भडकले, तेव्हा मात्र तेथील भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’चा विमानखर्च केंद्र सरकारने उचलला. माझा भाचा खारकीवला वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि तोही याच मोहिमेतून सुखरूप परतला, याबद्दल आमचे सारे कुटुंब कृतज्ञ आहे. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजीच विद्यार्थ्यांना तात्पुरता देश सोडण्याचा सल्ला दिला होता, तो न मानणाऱ्यांच्या प्रवासाचा भार करदात्यांवर का पडावा? भाच्याच्या विद्यापीठाने तेव्हा प्रत्यक्ष वर्ग थांबवले नव्हते आणि तिकिटांचे दर भडकले होते, हे मी त्यांना सांगितले. तरीही प्रश्न उरतोच. एका प्रसंगी प्रवाशाने पैसे द्यायचे आणि दुसऱ्या प्रसंगी सरकारने, हे कोणत्या तत्त्वावर ठरावे?

अभ्यासिका

इतर देशांनी हे तत्त्व कायद्यात लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार असा खर्च शक्य तेवढा संबंधित नागरिकाकडून वसूल करायचा असतो आणि त्यासाठी विमानात किंवा जहाजात चढण्यापूर्वी त्याच्याकडून परतफेडीचे वचनपत्र लिहून घेतले जाते. जर्मनीनेही २०२० मध्ये जगभरातून परत आणलेल्या आपल्या प्रवाशांना नंतर बिले पाठवली. मला जर्मन पद्धत अधिक माणुसकीची वाटते. आधी माणूस घरी पोहोचतो, मग हिशेब होतो. २००६ मध्ये लेबनॉनवर बॉम्बवर्षाव सुरू असताना अमेरिकी नागरिकांपुढे वचनपत्रे ठेवली गेली, त्यावर इतकी टीका झाली की ती अट सोडून द्यावी लागली. जीव मुठीत धरून बंदरावर उभ्या असलेल्या माणसाने केलेली सही खुशीची कशी म्हणायची? आपल्याकडे मात्र लिखित नियमच नसल्यामुळे प्रत्येक वेळी निर्णय त्या त्या प्रसंगाच्या गाजावाजावर अवलंबून राहतो, आणि हे मला अधिक धोक्याचे वाटते.

गलबत

मी व्यापारी जहाजांवर नोकरी करतो, म्हणून आमच्या क्षेत्रातली व्यवस्था सांगतो. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला मायदेशी पोहोचवण्याचा खर्च जहाजमालकावर असतो, आणि जहाज युद्धक्षेत्राकडे निघाले असता तिकडे जाण्यास नकार देणाऱ्या खलाशालाही हा हक्क मिळतो. मालकाने हात वर केले तर पैसे कोठून येतील, याचीही तरतूद २०१७ पासून बंधनकारक आहे. त्या आर्थिक हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावावे लागते. आमच्या जहाजावर ते भोजनगृहाच्या दाराशेजारी आहे आणि नवीन आलेली मुले पहिल्याच दिवशी ते वाचतात. ज्याला आपल्या कामाचा फायदा होतो त्यानेच आपल्याला परत पोहोचवायचे, हे तत्त्व किनाऱ्यावरच्या कामगारांना का लागू होऊ नये?

तळेरे

गलबत यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु आखातात अडचण वेगळीच असते. कायद्याने मनाई असतानाही अनेक मालक कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात, आणि युद्ध सुरू झाल्यावर सर्वांत आधी देश सोडून जातात ते हेच मालक. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा तेथे अडकलेल्यांत कोकणातील व गोव्यातील कुटुंबेही होती. बँका बंद, पगार बुडालेला, आणि दिनारांची किंमत कागदाइतकी. वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचलेल्या या माणसांकडे तिकिटाचे पैसे मागणे शक्यच नव्हते. एअर इंडियाने तेथून सुमारे दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आणले.

या प्रकरणाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. सुरक्षा परिषदेने १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने युद्धाच्या नुकसानीची जबाबदारी इराकवर टाकली आणि त्याच्या तेलविक्रीतील हिस्सा एका भरपाई आयोगाकडे वळवला. कुवेत व इराक सोडून जावे लागलेल्यांना त्यातून ठरावीक रकमा मिळाल्या, त्यांत भारतीयही होते. सरकारांनाही आपला खर्च मागता आला. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला. म्हणजे खर्चाचा खरा धनी आक्रमक असतो. तो सापडून पैसे देईपर्यंत तीस वर्षे जाऊ शकतात, म्हणून तोवर सरकारने पदरमोड करणे अपरिहार्य ठरते.

आणि ही पदरमोड सर्वस्वी करदात्यांची असते, असेही नाही. भारतीय दूतावासांमध्ये २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे. परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण करताना पावतीवर जी छोटी वेगळी रक्कम दिसते, ती याच निधीत जमा होते. आपत्तीत लोकांना हलवण्यासाठी तो वापरता येतो. आखातातील गवंड्याने किंवा वाहनचालकाने हे पैसे वर्षानुवर्षे भरलेले असतात, हे ‘फुकट आणले’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मग विद्यार्थ्यांच्या बाबतीत मालकाच्या जागी विद्यापीठ आणि प्रवेश मिळवून देणारे एजंट यांना धरावे का? त्यांनी मोठे शुल्क घेतलेले असते, पण सीमेपर्यंतच्या बसचे भाडे मुलांनीच गोळा केले होते.

अभ्यासिका

एजंटांकडून अनामत अवश्य घ्यावी, मात्र ती शुल्कात मिळवून पालकांच्याच माथी मारली जाणार नाही यावर लक्ष ठेवावे लागेल. साध्या प्रवासविम्याचा येथे उपयोग नाही, कारण त्यातून युद्ध सहसा वगळलेले असते. माझ्या मते प्रवेशाच्या वेळीच दूतावासात नोंदणी सक्तीची करून त्याच वेळी कल्याण निधीत थोडी रक्कम घ्यावी. युद्धात सुटकेचा खर्च सरकारने करावा, आणि ‘वंदे भारत’सारख्या प्रसंगी, जेथे थांबण्याने जिवाला तातडीचा धोका नसतो, तेथे ऐपत असलेल्याने तिकीट काढावे आणि नसलेल्याचे निधीतून निघावे. हे सारे संकट येण्याआधी राजपत्रात छापलेले असावे.