कोजागिरीच्या शनिवारी आश्व्याला लाटा कशा असतील?

पुण्याहून: शनिवारी गोव्यात आश्व्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगला जातोय. तिसरीच वेळ, फळीवर अजून नीट उभा राहता येत नाही. अंदाजात लाटेची उंची 1 मीटर, दोन लाटांमधला वेळ 14 सेकंद दिसतंय. जमेल का? पोहोचायला दुपारचे 12 होतील.

मांद्रेकर: दुपारी नको रे, शुक्रवारी रात्रीच ये. ऑक्टोबरात पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत आणि लाटेची कड सरळ उभी राहते. अकरानंतर खारा वारा सुटला की सगळा फेस.

1 मीटर ऐकून लहान समजू नकोस. 14 सेकंदांची लाट दक्षिण हिंदी महासागरातून येते. दोन लाटांत अंतर मोठं, त्यामुळे किनाऱ्याशी ती चांगलीच उंच होते. मध्ये पाच-दहा मिनिटं काहीच नाही, मग ओळीने चार-पाच. तेवढ्यात घाईने आत शिरू नकोस.

भरतीचं गणित आजोबांचं : तिथीची पाऊणपट. शनिवारी सकाळी अजून चतुर्दशी, म्हणजे 14 ची पाऊणपट, साधारण साडेदहाला पूर्ण भरती. साडेसहा ते साडेआठ पाणी चढतं असेल, तेव्हाच मजा. नंतर उधाणाच्या पाण्यात लाट थेट काठावरच आपटते.

पुण्याहून: बरं, रात्रीच निघतो. आत समुद्रात खेचणाऱ्या ओढीची भीती वाटते.

मांद्रेकर: वाटायलाच हवी. पावसाळ्यानंतर वाळूचे बांध जागा बदलतात, मी स्वतः रोज आधी दहा मिनिटं काठावर बसून बघतो. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तीच ओढ. सापडलासच तर फळी सोडू नकोस, किनाऱ्याला समांतर हात मार. लाल बावटा असेल तर उतरूच नकोस.